दूध नको, अंडं नको. मग ताटात काय?

सावित्री नदी महाबळेश्वरच्या डोंगरातून उतरते, पोलादपूरला येते आणि पुढे महाडकडे वळते. तिच्या खोऱ्यातल्या खाचरांत आणि डोंगरउतारांवर पिढ्यान्‌पिढ्या निघत आलेल्या पिकांची यादी फार मोठी नाही. खाचरात भात, वरकस जमिनीत नाचणी आणि वरी, भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल, कुळीथ, मूग. परसात शेवगा, अळू, केळ, लाल भोपळा, जमेल तिथे नारळ. रानात फणस, आंबा, रातांबे.

आता दुसरी यादी पाहू. जगभरात लहान मुलांना ज्या अन्नपदार्थांची अ‍ॅलर्जी सर्वाधिक आढळते, ते पदार्थ असे: दूध, अंडं, गहू, शेंगदाणा, काजू-बदाम-अक्रोडासारखा सुका मेवा, सोयाबीन, तीळ, मासे, आणि कोळंबी-खेकड्यासारखे कवचाचे जलचर. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या तर त्यांत सामाईक असं जवळजवळ काहीच सापडत नाही.

ज्या घरात अ‍ॅलर्जीचं मूल आहे, त्या घरासाठी ही मोठी दिलाशाची गोष्ट आहे. तरीही महाड-पोलादपूरच्या दीड-दोन वर्षांच्या मुलाचा आजचा दिवस पाहिला तर चित्र वेगळं दिसतं. सकाळी चहात किंवा दुधात बुडवलेलं बिस्किट, मधल्या वेळेला शेव किंवा वेफर, दुपारी वरणभात, संध्याकाळी टोस्ट किंवा खारी, रात्री दूधभात. एका बिस्किटातच गहू आणि दूध असतं, बऱ्याचदा सोयाबीनपासून काढलेलं लेसिथिनही असतं. शेवेत बेसन असतं. घरच्या कणगीत सुरक्षित धान्य पडून असतं आणि मुलाच्या तोंडात मात्र पाकिटातला खाऊ जातो. अ‍ॅलर्जीच्या मुलाचा आहार आखायचा तर कणगी आणि पाकीट यांतली निवड आधी करावी लागते.

शरीराचा चुकलेला अंदाज

आपली प्रतिकारशक्ती जंतूंशी लढण्यासाठी असते. काही मुलांमध्ये ती अन्नातल्या एखाद्या निरुपद्रवी प्रथिनाला शत्रू समजते आणि त्याच्याविरुद्ध ‘आयजीई’ नावाची प्रतिपिंडं तयार करून ठेवते. तेच प्रथिन पुन्हा पोटात गेलं की ही प्रतिपिंडं त्वचा, श्वासनलिका आणि आतड्यातल्या विशिष्ट पेशींना चेतवतात. त्या पेशी हिस्टामिन आणि इतर रसायनं सोडतात. मग अंगावर गांधी उठतात, ओठ-पापण्या सुजतात, उलट्या होतात, क्वचित श्वास कोंडतो. हे सहसा खाल्ल्यापासून काही मिनिटांत ते दोन तासांत घडतं.

हे कारण शोधायला विज्ञानाला बराच काळ लागला. १९२१ साली जर्मनीत कार्ल प्राउसनिट्झ आणि हाइन्झ क्युस्टनर या दोन डॉक्टरांनी एक धाडसी प्रयोग केला. क्युस्टनर यांना मासे खाल्ले की त्रास व्हायचा. त्यांच्या रक्ताचा द्रव प्राउसनिट्झ यांनी स्वतःच्या त्वचेखाली टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. तिथे लगेच गांध उठली. अ‍ॅलर्जीला कारण असलेलं काहीतरी रक्तातून दुसऱ्याकडे जातं, हे त्यातून सिद्ध झालं. ते ‘काहीतरी’ म्हणजे आयजीई आहे, हे किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने १९६६ साली दाखवून दिलं.

आपल्याकडे अशा गांधी उठल्या की ‘अंगावर पित्त आलं’ म्हणतात आणि आमसुलाचं पाणी लावतात. खाजेला त्याने बरं वाटत असेल तर जरूर लावावं. मात्र ओठ सुजले असतील, आवाज घोगरा झाला असेल किंवा श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर आमसुलावर थांबणं जिवावर बेतू शकतं.

सगळीच अ‍ॅलर्जी नसते

मुलाला काही खाल्ल्यावर त्रास झाला की घरात निदान लगेच ठरतं: याला दूध बाधतं, याला मासे सोसत नाहीत. त्यातली बरीच निदानं चुकीची असतात आणि चुकीच्या निदानापायी चांगलं अन्न कायमचं बंद होतं.

दुधाचंच पाहा. जुलाब होऊन गेल्यानंतर काही दिवस आतड्याला दुधातली साखर पचवता येत नाही. पोट फुगतं, पातळ शी होते. ही अ‍ॅलर्जी नसते. अशा मुलाला दही-ताक बहुधा चालतं आणि थोड्याच दिवसांत दूधही चालू लागतं. दुधाच्या प्रथिनाची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाला मात्र दूध, दही, ताक, लोणी, पनीर, पेढा यांतलं काहीच चालत नाही.

माशांचंही तसंच. बांगडा, तारली, कुपा हे मासे पकडल्यावर बर्फात नीट ठेवले नाहीत, तर जिवाणू त्यांच्या मांसात हिस्टामिन तयार करतात. किनाऱ्यावरून घाटाच्या पायथ्यापर्यंत उन्हातून आलेल्या माशाबाबत हा धोका अधिक. असा मासा खाल्ला की चेहरा लाल होतो, अंग खाजतं, डोकं दुखतं आणि ते हुबेहूब अ‍ॅलर्जीसारखं दिसतं. शिजवून हिस्टामिन नष्ट होत नाही. ओळखायची एक खूण आहे: त्याच ताटातला मासा खाणाऱ्या बऱ्याच जणांना एकदम त्रास होतो. अ‍ॅलर्जी असेल तर ती एकट्यालाच होते.

मे महिन्यात आंबा चोखणाऱ्या मुलाच्या ओठांभोवती पुरळ येतं. अनेकदा त्याला कारण सालीवरचा चीक असतो. आंबा नीट धुऊन, देठाकडचा चीक काढून, साल सोलून फोडी दिल्या की बहुतेक मुलं तोच आंबा आनंदाने खातात.

रक्ताच्या तपासणीबद्दलही सावध राहायला हवं. बेंगळुरू-म्हैसूर परिसरातल्या प्रौढांची एक मोठी पाहणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात २६.५ टक्के लोकांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्धची आयजीई सापडली. अन्नाची अ‍ॅलर्जी असण्याची शक्यता मात्र अवघ्या १.२ टक्के लोकांत दिसली. म्हणजे तपासणीत खूण आली तरी ते अन्न बहुतेकांना बाधत नव्हतं. एकाच वेळी पन्नास-शंभर पदार्थांची तपासणी करून लांबलचक ‘बंद’ यादी हातात आली, तर त्या यादीनुसार मूल उपाशी ठेवणं चूक आहे. काय खाल्लं आणि काय झालं याची हकीकत, त्यानुसार निवडक पदार्थांची त्वचाचाचणी किंवा रक्तचाचणी, आणि गरज पडल्यास रुग्णालयात डॉक्टरांच्या देखरेखीखाली तो पदार्थ थोडा थोडा खाऊ घालून पाहणं, हा खरा क्रम आहे.

हकीकत नीट सांगता यावी म्हणून वही ठेवावी. काय खाल्लं, किती वाजता, किती वेळाने काय दिसलं, किती वेळ राहिलं. महाडच्या परिसराला अशा बारकाईच्या निरीक्षणाचं मोल वेगळं सांगायला नको. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम केलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांजवळ बसून लक्षणांच्या नोंदी केल्या. त्यांचं संशोधन १९८२ साली ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आलं आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. खेड्यातल्या खाटेशेजारी केलेल्या नोंदी जगाच्या उपयोगी पडल्या. आईने घरातल्या वहीत केलेली नोंद निदान तिच्या मुलाच्या डॉक्टरांच्या तरी नक्की उपयोगी पडते.

एक काढलं तर एक घालायचं

निदान पक्कं झालं की ते अन्न पूर्ण बंद करावं लागतं. इथेच दुसरी चूक होते. बंद केलेल्या पदार्थाच्या जागी काय द्यायचं हे ठरत नाही आणि मूल वजनात मागे पडतं. म्हणून नियम सोपा ठेवावा: ताटातून एक वस्तू काढली, तर तिचं काम करणारी दुसरी वस्तू त्याच दिवशी ताटात आली पाहिजे.

दुधाची जागा भरणं सर्वांत अवघड. डोंगरवाड्यांवर शेळ्या असतात, त्यामुळे ‘गाईचं नाही चालत तर शेळीचं द्या’ हा सल्ला चटकन मिळतो. पण गाईच्या आणि शेळीच्या दुधातली प्रथिनं इतकी सारखी आहेत की गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या दहातल्या नऊ मुलांना शेळीचं दूधही बाधतं. म्हशीच्या दुधानेही सुटका होत नाही. देशी गाईचं, ‘ए-टू’ म्हणून विकलं जाणारं दूधही अशा मुलांसाठी सुरक्षित नाही. आईचं दूध चालू असेल तर ते दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही चालू ठेवावं. क्वचित आईच्या आहारातून दूध बंद करावं लागतं, ते डॉक्टरांनी सांगितलं तरच. आईचं दूध सुटलेलं असेल आणि मूल लहान असेल, तर प्रथिनं तोडून बनवलेली खास दूधभुकटी डॉक्टर सुचवतात.

नारळाचं दूध चवीला आणि उष्मांकाला छान, पण त्यात प्रथिनं आणि कॅल्शियम फार थोडं. ते पदार्थात घालावं, दुधाच्या पेल्याऐवजी देऊ नये.

कॅल्शियमसाठी हाताशी आहे ती नाचणी. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तर १०० मिलिलिटर गाईच्या दुधात सुमारे १२०. एक ते तीन वर्षांच्या मुलाची दिवसाची गरज ५०० मिलिग्रॅम धरली जाते. मूल दिवसाला ३० ग्रॅम नाचणीचं पीठ खाईल, म्हणजे साधारण १०० मिलिग्रॅम मिळेल. नाचणीतल्या फायटेटमुळे त्यातलं सगळं अंगी लागत नाही. नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून दळली की फायटेट कमी होतं. घरोघरी नाचणीचं सत्त्व करतात. ते पचायला हलकं असतं, पण वस्त्रगाळ करताना चोथ्याबरोबर काही खनिजंही निघून जातात. वर्षाच्या पुढच्या मुलाला मोडाच्या नाचणीचं पीठ न गाळता दिलेलं चांगलं. जोडीला शेवग्याचा पाला, माठ, आणि तीळ चालत असतील तर तिळाचं कूट द्यावं. एवढं करूनही तूट राहतेच, म्हणून दूध पूर्ण बंद असलेल्या मुलाला कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाचं औषध लागतं का, हे डॉक्टरांना विचारायलाच हवं.

अंडं बंद झालं तर प्रथिनांसाठी कुळीथ, मूग, वाल आहेतच. १०० ग्रॅम कुळथात सुमारे २२ ग्रॅम प्रथिनं असतात. तांदळात लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी, कडधान्यात ते भरपूर, म्हणून भात आणि कुळथाची पिठी एकत्र खाल्ली की दोघांचं काम पूर्ण होतं. गावठी अंडं आणि पोल्ट्रीचं अंडं यांत अ‍ॅलर्जीच्या दृष्टीने काही फरक नाही. अंड्यातली काही प्रथिनं उष्णतेने मोडतात, काही मोडत नाहीत. त्यामुळे केकमध्ये भाजलेलं अंडं काही मुलांना चालतं आणि उकडलेलं चालत नाही, असं दिसतं. हा प्रयोग मात्र घरी करू नये. अंड्याची अ‍ॅलर्जी आहे म्हणून गोवर-रुबेलाची लस टाळायचीही गरज नसते. लस देण्याआधी परिचारिकेला अ‍ॅलर्जीची माहिती तेवढी द्यावी.

गहू बंद करणं या भागात तुलनेने सोपं आहे. तांदळाची भाकरी, नाचणीची भाकरी, घावन, पानगी, उकड हे सगळं गव्हाशिवायच होतं. गहू आडवाटेने येतो तो बाजारच्या हिंगातून. डबीतला हिंग शुद्ध नसतो. त्यात डिंक आणि बऱ्याचदा मैदा मिसळलेला असतो. तीव्र अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाच्या आमटीला हिंगाऐवजी लसूण-जिऱ्याची फोडणी पुरते.

शेंगदाण्याचं कूट इथल्या रोजच्या कालवणात देशावरच्याइतकं पडत नाही, वाटपाला नारळ असतो. पण उपासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी आणि दाण्याची आमटी येतेच, शिवाय चिवडा आणि चिक्की आहे. उपासाला वरीचा भात आणि नारळाच्या दुधातली भोपळ्याची किंवा रताळ्याची पातळ भाजी करावी, म्हणजे घरात सगळ्यांनाच तो पदार्थ खाता येतो. लाकडी घाण्याच्या शेंगतेलात प्रथिनांचे अंश राहतात, म्हणून असं तेल या मुलाच्या स्वयंपाकात वापरू नये. काजूची झाडं कोकणात ठिकठिकाणी आहेत आणि काजूची अ‍ॅलर्जी तीव्र स्वरूपाची असू शकते, तेव्हा ओल्या काजूंची उसळ होते त्या दिवशी मुलासाठी वेगळं पातेलं चढवावं.

भारतात हरभऱ्याची अ‍ॅलर्जीही आढळते. बेसनाऐवजी कुळथाचं पीठ सहज चालण्यासारखं आहे, पण एका कडधान्याची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाला दुसरंही बाधू शकतं. कुळीथ, मूग, तूर यांतलं जे मूल आधीपासून बिनत्रास खातंय ते चालू ठेवावं. नवीन कडधान्य डॉक्टरांना विचारून, एका वेळी एकच सुरू करावं.

चढणीचे मासे आणि चुलीवरचा तवा

पहिल्या मोठ्या पावसात ओढ्या-नद्यांचे मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात. चढणीचे मासे पकडायला गाव लोटतं. खाचरांच्या बांधांवर खेकडे मिळतात. पावसाळ्यासाठी सुकट, जवळा, सोडे, बोंबील भरून ठेवलेले असतात. मासे आणि कवचाचे जलचर हे या आहारातलं प्रथिनांचं मोठं भांडार आहे, आणि अ‍ॅलर्जीचं मोठं कारणही.

माशाची अ‍ॅलर्जी आणि कोळंबी-खेकड्याची अ‍ॅलर्जी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माशात मुख्य दोषी प्रथिन पार्व्हाल्ब्युमिन, तर कोळंबी, जवळा, खेकडा यांत ट्रोपोमायोसिन. दोन्ही शिजवल्यावर किंवा वाळवल्यावरही टिकतात. त्यामुळे ताजी कोळंबी बाधते त्याला सोडे आणि जवळाही बाधणार. पण कोळंबी बाधणाऱ्या मुलाला मासे बाधतीलच असं नाही, आणि विनाकारण दोन्ही बंद केले तर मुलाचं नुकसान होतं. कोणता गट बंद करायचा हे तपासणीने ठरवून घ्यावं.

खरी काळजी घ्यायची ती तव्याची. ज्या तव्यावर सुकट भाजली, त्यावरच भाकरी टाकली तर सुकटीचा अंश भाकरीला लागतो. काहींना तर मासे शिजतानाच्या वाफेनेही त्रास होतो. उपाय खर्चिक नाही. मुलाची भाकरी आधी, सुकट नंतर. मुलासाठी एक लहान तवा, एक पळी आणि एक वाटी वेगळी ठेवावी, आणि भरवणाऱ्याने आधी हात साबणाने धुवावेत. नुसत्या पाण्याने किंवा सॅनिटायझरने प्रथिनं नीट निघत नाहीत.

दिवसभराचं ताट

पुढचे पदार्थ दूध, अंडं, गहू, शेंगदाणा, सुका मेवा, सोयाबीन, तीळ आणि मासे यांच्याशिवाय होतात. ज्या मुलाला यांतली एखादीच वस्तू वर्ज्य आहे, त्याने बाकीच्या वस्तू अवश्य खाव्यात.

सकाळी मोडाच्या नाचणीच्या पिठाची खीर: पीठ पाण्यात कालवून, गूळ घालून मंद आचेवर शिजवायचं आणि उतरवताना नारळाचं दाट दूध घालायचं. दुसऱ्या दिवशी तांदळाच्या पिठाचं घावन, सोबत नारळ-गुळाचा रस. तिसऱ्या दिवशी उकड, ताकाऐवजी कोकमाचं आगळ थोडंसं घालून. केळीच्या पानावरची पानगी मुलांना हातात धरून खाता येते.

दुपारी गुरगुट्या भात आणि मुगाचं वरण, त्यात चमचाभर खोबरेल किंवा घरात वापरात असलेलं, मुलाला चालणारं तेल. दूध वर्ज्य असलेल्या मुलाला साजूक तूपही डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये, कारण त्यात दुधाच्या प्रथिनाचे अंश राहू शकतात. भाजीला लाल भोपळा, शेवग्याचा पाला बारीक चिरून, किंवा माठ. आठवड्यातून एक-दोनदा सोललेल्या वालांचं बिरडं, कमी तिखट आणि नीट कुस्करलेलं.

मधल्या वेळेला पिकलं केळ, चिकू, उकडलेलं रताळं, मोसमात आंबा आणि फणसाचे बरके गरे बिया काढून, उकडून कुस्करलेल्या आठळ्या. फणसाचा किंवा आंब्याचा रस आणि तांदळाचा रवा यांचं सांदण दोन-तीन वेळा पुरतं. तांदळाचा रवा, गूळ आणि खोबऱ्याची खांडवी डब्यात टिकते.

संध्याकाळी नाचणीची मऊ भाकरी कुळथाच्या पिठीत कुस्करून. ताप आला असेल, तोंडाला चव नसेल तेव्हा तांदळाची पेज आणि मुगाचं कढण.

लहान मुलाचं पोट लहान असतं आणि दिवसाची गरज हजार किलोकॅलरींच्या आसपास. नुसती पातळ पेज पोट भरते, अंग भरत नाही. म्हणून दर खाण्यात थोडं तेल, खोबरं किंवा नारळाचं दूध घालून ते दाट करावं आणि दर महिन्याला अंगणवाडीत वजन करून घ्यावं.

पाकीट, अंगणवाडी आणि सणाचा खाऊ

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबल-नियमांनुसार ग्लूटेनयुक्त धान्य, कवचाचे जलचर, दूध, अंडं, मासे, शेंगदाणे आणि सुका मेवा, सोयाबीन, तसंच ठरावीक प्रमाणाहून अधिक सल्फाइट असेल, तर ते पाकिटावर वेगळं सांगावं लागतं. तीळ आणि हरभरा त्या यादीत नाहीत. म्हणून तीळ किंवा बेसन वर्ज्य असेल तर घटकांची पूर्ण यादी वाचावी लागते. ती बहुतेकदा इंग्रजीत आणि बारीक अक्षरात असते. घरात वाचणारं कुणी नसेल तर अंगणवाडी सेविका, आशाताई किंवा शाळेतलं मोठं मूल ती वाचून देऊ शकतं. सुट्या फरसाणाला लेबलच नसतं आणि एकाच कढईत सगळं तळलेलं असतं. असा खाऊ या मुलासाठी बंदच.

अंगणवाडीतून सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना घरी नेण्याचा आहार मिळतो, त्यापुढच्या मुलांना तिथेच शिजवलेलं जेवण. मुलाला काय चालत नाही हे सेविका आणि मदतनीस दोघींना सांगावं आणि डॉक्टरांची चिठ्ठी अंगणवाडीत ठेवावी.

शिमग्याला आणि गणपतीला मुंबईहून चाकरमानी येतात, सोबत पेढे, बर्फी, केक, बिस्किटांचे पुडे येतात. आजी, काका, आत्या सगळे प्रेमाने मुलाच्या तोंडात काहीतरी घालतात. ‘एवढ्याशाने काय होतंय’ हे वाक्य अशा घरात सर्वांत धोक्याचं. सणाआधीच घरातल्या सगळ्यांना स्पष्ट सांगून ठेवावं. मुलाला सणापासून दूर ठेवायची मात्र गरज नाही. उकडीचा मोदक म्हणजे तांदळाची पिठी, नारळ आणि गूळ. उकड काढताना दूध-लोणी आणि सारणात सुका मेवा टाळला की हा मोदक दूध, गहू, अंडं, शेंगदाणा यांपैकी काहीही वर्ज्य असलेल्या मुलाला खाता येतो, आणि घरातले सगळे त्याच्याबरोबर तोच मोदक खातात.

घाट बंद असताना

तीव्र अ‍ॅलर्जीत वेळ फार थोडा असतो. पावसाळ्यात आंबेनळी आणि वरंध घाट दरडींमुळे बंद पडतात. कुडपण किंवा उमरठसारख्या गावातून तालुक्याला पोहोचायलाच वेळ लागतो, आणि जिल्हा रुग्णालय अलिबागला, म्हणजे त्याहून फार लांब. त्यामुळे तयारी आधीच हवी.

खाल्ल्यानंतर गांधी उठल्या आणि त्याबरोबर श्वासाचा त्रास, आवाजात बदल, सारख्या उलट्या किंवा मूल मलूल पडणं यांतलं काही दिसलं, तर उपचार एकच: अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत. मात्रा दर किलो वजनाला ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे दहा किलोच्या मुलाला नेहमीच्या एक मिलिग्रॅम-प्रति-मिलिलिटर द्रावणाचा ०.१ मिलिलिटर. खाजेवरचं औषध ही जागा घेऊ शकत नाही. परदेशात पालकांकडे असतं तसं तयार इंजेक्शन-पेन आपल्याकडे सहज मिळत नाही, पण अ‍ॅड्रेनलिनची कुपी स्वस्त आहे आणि अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे. लसीकरणानंतर अशी प्रतिक्रिया आली तर देण्यासाठी ती आरोग्यसेविकेच्या संचातही असते. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ती आहे का आणि रात्री ती देणारं कोण असतं, हे पाऊस सुरू होण्याआधी जाऊन विचारावं. आधी तीव्र त्रास झालेल्या मुलाच्या पालकांनी घरी कुपी ठेवावी का आणि टोचायची कशी, हे डॉक्टरांकडून प्रत्यक्ष शिकून घ्यावं.

१०८ ला फोन करावा. मुलाला आडवं ठेवून पाय उंच करावेत, श्वास लागत असेल तर बसू द्यावं, उलटी होत असेल तर कुशीवर वळवावं. उभं करून चालवू नये. तोंडाने काढा, लिंबूपाणी काही देऊ नये. बरं वाटलं तरी काही तास दवाखान्यातच थांबावं, कारण त्रास पुन्हा उलटू शकतो.

बंदी किती दिवस?

पूर्वी डॉक्टर सांगत, ज्या बाळाला धोका आहे त्याला शेंगदाण्यापासून लांब ठेवा. गिडिऑन लॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमध्ये ६४० बाळांवर अभ्यास केला आणि २०१५ साली तो प्रसिद्ध झाला. ज्यांना लहानपणापासून नियमित शेंगदाण्याचे पदार्थ दिले, त्यांच्यात पाचव्या वर्षी शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळली. म्हणून ज्या बाळाला कसलीही अ‍ॅलर्जी नाही, त्याला उष्टावणानंतर अंडं, मऊ शिजवलेला मासा, बारीक वाटून पातळ केलेलं दाण्याचं कूट देण्यात उशीर करू नये. अख्खे दाणे पाच वर्षांखाली कधीच नाहीत, ते घशात अडकतात. अंगभर तीव्र इसब असलेल्या किंवा आधीच अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या बाळाला शेंगदाणा द्यायच्या आधी डॉक्टरांना विचारावं.

अ‍ॅलर्जी ठरलेल्या मुलांचंही सगळं कायमचं नसतं. दूध आणि अंड्याची अ‍ॅलर्जी बहुतेक मुलांत वाढत्या वयाबरोबर जाते. शेंगदाणा, सुका मेवा, मासे आणि कोळंबी-खेकडा यांची बहुधा टिकते. त्यामुळे दुसऱ्या वर्षी लावलेली बंदी दहाव्या वर्षीही तशीच पाळत राहण्यात अर्थ नाही. दरवर्षी एकदा वही घेऊन डॉक्टरांकडे जावं, तपासणी पुन्हा करून घ्यावी आणि जे चालू लागलं आहे ते लगेच ताटात परत आणावं.